कल्याण-ओतूर रस्ता: १४ महिने वापरून

वापर १४ महिन्यांचा. जाऊन-येऊन ३० फेऱ्या, त्यातल्या तीन पार नगरपर्यंत. गाडी जुनी, छोटी, सीएनजीवरची. चालवणारी मी, वय ४७, चष्मा आहे, शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा कुणी नसतं.

कारण सांगते. माझं माहेर ओतूरजवळच्या वाडीत. गेल्या वर्षी मार्चमध्ये तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कल्याणला आमच्याकडे राहा म्हटलं, तर म्हणाले, ‘गायींना कुठं ठेवू, तुझ्या गॅलरीत?’ भाऊ परदेशी. तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी पहाटे मी वर जाते आणि रविवारी खाली येते. त्याआधी हा रस्ता मी एसटीच्या खिडकीतूनच पाहिला होता, आणि खिडकीतून सगळेच रस्ते बरे दिसतात.

आधी नावाचा घोळ. कल्याणात हा ‘मुरबाड रोड’. मुरबाड मागे पडलं की ‘माळशेजचा रस्ता’. आमच्या ओतूरला ‘कल्याण-नगर हायवे’. आणि नगरात पोचलात की त्याच डांबराला ‘कल्याण रोड’ म्हणतात, तिथले लोक पत्ते सांगतातही तसेच. कागदोपत्री हा पूर्वी राष्ट्रीय महामार्ग २२२ होता, कल्याण ते निर्मळ. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांचे नंबर बदलले आणि हा ६१ झाला. पण टायरच्या दुकानांच्या पाट्यांवर अजून २२२ दिसतो आणि गावात कुणी ‘एकसष्ट’ म्हणताना मी ऐकलेलं नाही. नगरच्या पुढे पाथर्डी, माजलगाव, पाथरी, परभणी, वसमत, नांदेड, भोकर करत हा तेलंगणातल्या निर्मळला जातो, लाकडी खेळण्यांच्या गावाला. सगळा मिळून सहाशेच्या आसपास किलोमीटर. माझा अनुभव त्यातल्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्याचाच आहे हे लक्षात ठेवून वाचा.

पहिले दोन महिने मला या रस्त्याचा वैताग आला होता. चूक माझीच. हायवे म्हटल्यावर मी एक्स्प्रेसवेच्या हिशोबाने निघायचे: शनिवारी सावकाश आठला चहा घेऊन. शहाडच्या पुलावर अर्धा तास, म्हारळ, वरप, कांब्याच्या वस्तीतून रांगत आणखी तेवढाच. नवीन टॉवर उभे राहिलेत, रस्ता मात्र दोन गावांमधला असावा तेवढाच वाटतो. गोवेलीला टिटवाळ्याचा फाटा सुटतो तिथवर पोचेस्तोवर माझी चिडचिड संपून डोकं दुखायला लागलेलं असायचं. मे महिन्यात तात्यांनीच कान टोचले. म्हणाले, ‘अगं तो बाजाराचा रस्ता हाये. बाजाराच्या वेळा बघ, मग निघ.’

ते डोक्यात घेतलं तेव्हापासून रस्ता सुधारला. म्हणजे खड्डे तेच आहेत, मला तो कळला.

गणित असं आहे. आमच्याकडे दुपारी मेथी-कोथिंबीर काढतात, जुड्या बांधतात, संध्याकाळी पिकअप भरते. ती रात्री घाट उतरते आणि उजाडायच्या आत कल्याणच्या नाहीतर वाशीच्या बाजारात उभी राहते. सकाळी माल उतरवून रिकामी झालेली तीच गाडी परत वर निघते. त्यामुळे रात्री दहा ते तीन घाटात उतरणाऱ्या गाड्या भरलेल्या आणि घाईत असतात, आणि सकाळी सात ते दहा चढणाऱ्या गाड्या रिकाम्या आणि त्याहून घाईत असतात, कारण ड्रायव्हरला झोपायचं असतं. या दोन्ही वेळा टाळायच्या. मी आता पहाटे पाचला घर सोडते. भरलेल्या गाड्या उतरून गेलेल्या असतात, रिकाम्या अजून निघालेल्या नसतात, शहाडचा पूल चार मिनिटांत पार होतो आणि साडेसहाला मी घाटाच्या पायथ्याशी असते. रविवारी दुपारी अडीचच्या आत वाडीतून निघायचं. पिकअपवाल्यांशी भांडण नाही माझं. एकदा हॉर्नवर हॉर्न देणाऱ्या एकाची तक्रार मी तात्यांजवळ केली तर म्हणाले, ‘कोथमीर वाट बघत नाय कुणाची.’

रायत्याचा पूल वेगळा सांगायला हवा. उल्हास नदी फुगली की पहिली बातमी याच पुलाची येते. जुलैमध्ये एका शनिवारी कांब्याच्या पुढे गाड्यांची रांग दिसली, पुढून एक रिक्षावाला हात हलवत आला: पाणी आलंय, फिरा मागे. फिरले. तेव्हापासून पावसाळ्यात आदल्या रात्री मुरबाडच्या मावसबहिणीला फोन केल्याशिवाय निघत नाही. नकाशाचं अॅप या बाबतीत बिनकामाचं आहे, ते पाण्यावरूनही निळी रेघ काढतं.

मुरबाड ते टोकावडे हा सगळ्यात सोपा टप्पा. सरळगाव, भाताची खाचरं, अधूनमधून पेट्रोल पंप. उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत दिसायला लागते. त्यातच कुठेतरी सिद्धगड आहे, जिथे २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. मुरबाडकडच्या लोकांना ही तारीख पाठ असते. आम्हा घाटावरच्यांना शाळेत ती कुणी सांगितली नव्हती, मी तर गाडी तिथून जायला लागल्यावर चौकशी केली.

टोकावड्यानंतर वैशाखरे येतं, आणि इथे मी नेहमी काच खाली करते. डावीउजवीकडे ‘नाणेघाट’ची पाटी शोधत बसू नका, वर बघा: कड्यातून बाहेर आलेला ‘नानाचा अंगठा’ दिसतो. त्याच्या बगलेतल्या खिंडीतून दोन हजार वर्षं जुन्नर-कल्याण वाहतूक चालली. गेल्या डिसेंबरमध्ये भाचा आला होता, त्याच्या हट्टाने पायथ्याला गाडी लावून चढले. मला सव्वातीन तास लागले, त्याला किती ते त्याने सौजन्याने सांगितलं नाही.

वरच्या तोंडाशी खडकात कोरलेली लेणी आहे. त्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांसकट. भारतातल्या सगळ्यात जुन्या लिहिलेल्या अंकांमध्ये हे अंक धरतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि बाकीचे. आता फक्त पावलं उरलीत आणि वर कोरलेली नावं. १८२८ च्या उन्हाळ्यात विल्यम साईक्स हा इंग्रज फिरत फिरत इथे आला आणि मग हा लेख विद्वानांपर्यंत गेला. खिंडीच्या माथ्यावर दगडाचा भला मोठा रांजण आहे, जकातीची नाणी यात टाकायचे असं गावकरी सांगतात. भाच्याने लगेच फास्टॅगचा विनोद केला. तो प्रत्येक भाचा करतो.

मला तिथे बसून वेगळंच सुचत होतं. कल्याण हे तेव्हाचं बंदर. पेरिप्लस नावाच्या ग्रीक खलाशी-वहीत त्याचं नाव ‘कल्लिएना’ असं आलंय, कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांतही कल्याणचे व्यापारी भेटतात. जुन्नर ही वरची पेठ, जिच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी खोदण्याइतका पैसा फिरत होता. जुन्नरच्या पुढे वाट पैठणकडे, सातवाहनांच्या राजधानीकडे. म्हणजे वरचा माल खाली कल्याणला आणि खालचा वर, हा धंदा तेव्हाचाच. तात्यांची कोथिंबीर त्याच रांगेत सगळ्यात शेवटी उभी आहे.

मग आजचा रस्ता नाणेघाटातून का गेला नाही? ते चढून उतरल्यावर गुडघ्यांनीच सांगितलं. नाणेघाट म्हणजे थेट वर जाणारी नाळ, शेवटी तर दोन कड्यांमधली अरुंद फट आणि दगडी पायऱ्या. गोणी लादलेल्या बैलाला, गाढवाला पायरी चालते. चाकाला लांबलचक, हळूहळू चढणारा उतार लागतो, आणि तसा उतार काढायला डोंगराचं अंग लागतं. ते जवळच माळशेजला मिळतं. गाडीरस्ता तिकडे वळला आणि नाणेघाट ट्रेकवाल्यांना राहिला. पूर्वी लमाण आणि व्यापारी जिथे मुक्काम करायचे तिथे आता रविवारी मॅगी मिळते.

आता घाट. मोरोशीला भैरवगडाची उभी भिंत दिसते, डोंगरावर कुणी सुरी रोवावी तशी. सावर्णे मागे पडलं की चढण सुरू. माझ्या गाडीचं सांगायचं तर सीएनजीवर घाट चढत नाही, रडते. पायथ्यालाच पेट्रोलवर टाकायची, दुसरा गिअर, एसी बंद. मी आधी तिसऱ्यात ओढत राहायचे, क्लच अर्धा दाबून. नवव्या महिन्यात क्लचप्लेट बदलावी लागली. मेकॅनिकने जुनी प्लेट हातात देऊन विचारलं, ‘मॅडम, माळशेज का?’ उतरताना तर दुसरा गिअर सोडायचाच नाही. ब्रेक जळल्याचा वास घाटात रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीचा येतो, तो आपला नसावा एवढंच बघायचं.

पावसाळा मी एकच पाहिला आहे, तेव्हा त्यावर मोठं बोलणार नाही. पण जे पाहिलं ते असं. जूनअखेर ते सप्टेंबर कड्यावरून पाणी सरळ रस्त्यावर पडतं. बोगद्याच्या तोंडाशी तर गाडी धबधब्याखालून काढावी लागते, टपावर कुणी बादल्या ओततंय असं वाटतं. धुकं इतकं की पुढच्या गाडीचे दिवे दिसले तरच पुढे गाडी आहे. धुक्यात चारी इंडिकेटर लावून चालायची इथे पद्धत पडली आहे. ती चूक आहे असं मला वाटतं, कारण पुढचा वळणार आहे की थांबणार आहे ते समजत नाही. लो बीम आणि फॉग लॅम्प पुरेत. पांढऱ्या पट्ट्या जिथे रंगवलेल्या आहेत तिथे त्याच धरून जायचं, जिथे पुसल्यात तिथे देवाचं नाव.

दरडीची भीती खरी आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये दरड कोसळून घाट कित्येक दिवस बंद राहिला होता, तेव्हा आमच्या वाडीची भाजी शेतातच पिवळी पडली. लोखंडी जाळ्या बसवलेल्या दिसतात, पण त्या सगळीकडे नाहीत. गेल्या ऑगस्टमध्ये एक दिवस वाहतूक थांबली म्हणून मी एक्स्प्रेसवेने तळेगाव, चाकण, नारायणगाव असा वळसा घालून गेले. चाकणच्या कोंडीत जेवढा वेळ गेला तेवढ्यात मी एरवी ओतूरला पोचते. तो पर्याय पुन्हा वापरला नाही, घाट बंद असेल तर सरळ घरी बसते.

आणि पर्यटक. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी माळशेज हा रस्ता राहत नाही, जत्रा होते. वळणावर गाडी उभी, दारं उघडी, डिकीतून गाणी, माणसं कठड्यावर. प्रशासन दर वर्षी जमावबंदीचे, धबधब्याखाली न जाण्याचे आदेश काढतं आणि त्यांची पाटी धरूनच लोक फोटो काढतात. माझी फेरी शनिवार-रविवारचीच असल्याने यातून सुटका नाही. पहाटे चढते तेव्हा घाट माझा एकटीचा असतो, रविवारी उतरताना मात्र जुलै-ऑगस्टमध्ये तीन वेळा दीड-दीड तास अडकले. एकदा तर मागच्या सीटवरची मेथी घरी पोचेस्तोवर मलूल झाली. दूधवाले, एसटीवाले, रुग्णवाहिका सगळे त्याच रांगेत.

घाटमाथ्यावर एमटीडीसीचं निवासस्थान मागे टाकलं की हवा बदलते. खाली घामाने चिकटलेली पाठ इथे दोन मिनिटांत वाळते. खुबी फाट्याला हरिश्चंद्रगडाचे ट्रेकर खिरेश्वरकडे वळतात, आणि मग पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी रस्त्याच्या सोबतीने लांबवर चालतं. ३० फेऱ्यांनंतरही या टप्प्यात मी रेडिओ बंद करते. मढच्या अलीकडे चहाची टपरी आहे, तिथली बाई आता मला बघून साखर कमी टाकते. पावसाचा फरकही इथेच दिसतो: घाटात कोसळणारा पाऊस मढला भुरभुर होतो, डिंगोऱ्याला रस्ता ओला असतो, आणि ओतूरला तात्या आभाळाकडे बघत उभे असतात.

बनकरफाट्याला जुन्नरचा रस्ता फुटतो. इथून पुढे दोन गोष्टींसाठी रात्री गाडी चालवू नका. पहिली बिबट्या. आमच्याकडे ऊस आहे आणि उसात तो आहे, ही आता बातमी राहिलेली नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. मला १४ महिन्यांत एकदाच दिसला, उदापूरच्या पुढे, पावणेसहाच्या अंधारात. रस्ता ओलांडला, मधेच थांबून दिव्यांकडे बघितलं आणि मांजरीसारखा बांधावरून उतरला. मी पुढची दहा मिनिटं पन्नासच्या वर गेले नाही. दुसरी गोष्ट उसाचे ट्रॅक्टर, आणि मला विचाराल तर हेच जास्त भीतीदायक. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात, मागे ना दिवा ना लाल रिफ्लेक्टर, वरून ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. बिबट्याचे डोळे निदान चमकतात.

ओतूरबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही, त्यामुळे थोडक्यात. मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तिथे कोरड्या तांदळाच्या पिंडी करतात आणि जत्रा भरते. त्या दिवसांत गावातून गाडी काढायची असेल तर एक तास जास्तीचा धरा. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधीही इथलीच. मी लहानपणी त्या आवारात गोट्या खेळले आहे.

पुढचा आळेफाटा म्हणजे पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर या दोन रस्त्यांची फुली. इथे चारही दिशांच्या एसटी मिळतात, कांद्याचा बाजार आहे, आणि उन्हाळ्यात चौकात उभं राहिलं की कांद्याचा वास आणि डिझेलचा धूर एकत्रच नाकात जातो. आळे गावात ज्ञानेश्वरांनी वेद वदवला त्या रेड्याची समाधी आहे. रेड्याचं इतकं नीट राखलेलं स्मारक मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आळेफाटा ते नगर मी तीनदाच गेले, तात्यांच्या तपासणीसाठी. रस्ता इथे खराखुरा हायवे वाटतो, सरळ आणि मोकळा, म्हणून डोळा लागायची भीती. बेल्हे हे बैलबाजाराचं गाव. त्याच्या पुढे आणे घाट, माळशेजच्या मानाने तो नुसता चढ. त्याच्याजवळ गुळुंचवाडीला ओढ्याने खडक खालून कोरून तयार केलेला नैसर्गिक दगडी पूल आहे, मळगंगेच्या देवळापाशी. रस्त्यावरून अजिबात दिसत नाही, मीही २५ वर्षं एसटीतून न बघता जात होते. तिसऱ्या फेरीला तात्यांनी काठी टेकत नेऊन दाखवला. आणे गावात रंगदास स्वामींच्या यात्रेला हजारोंना आमटी-भाकरी वाढतात, ती आमटी खाल्ली असेल तर हॉटेलच्या ‘आमटी-भाकरी स्पेशल’ पाट्यांकडे बघवत नाही. टाकळी ढोकेश्वरच्या लेण्यांना मात्र अजून थांबणं झालेलं नाही, तिन्ही वेळा डॉक्टरांची वेळ गाठायची होती. पारनेरकडचा माळ, भाळवणी, मग नगर, ज्याला आता अहिल्यानगर म्हणायचं.

आता जे कुणी लिहीत नाही ते. बाईमाणसासाठी या रस्त्यावर स्वच्छतागृहांची सोय लाजिरवाणी आहे. पंपांवर पाटी असते आणि दाराला कुलूप असतं, चावी ‘साहेबांकडे’ असते आणि साहेब जेवायला गेलेले असतात. मुरबाड ते ओतूर मी भरवशाने थांबू शकते अशा जागा मोजून दोन, त्यातली एक मावसबहिणीचं घर. घाटात मोबाइलची रेंज बराच वेळ जाते, तेव्हा पायथ्यालाच घरी फोन करून टाकायचा. रस्त्याची कामं निघतात तिथे वळणाचे बोर्ड खोदकामाच्या तोंडाशी लावतात, शंभर मीटर आधी नाही. अशाच एका न दाखवलेल्या कडेवर माझं डावं पुढचं चाक आपटून रिम वाकली. तक्रार कुठे करायची हे विचारत मी तीन ठिकाणी फिरले, तिघांनीही पुढच्या माणसाचा नंबर दिला. रिम मीच ठोकून घेतली.

रेल्वेचं विचाराल तर कल्याणहून माळशेजमार्गे नगरला गाडी जावी ही मागणी माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली आहे. तात्यांच्याही. माझा भाचा अजून लहान आहे.

कुणी घ्यावा हा रस्ता? कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडून जुन्नर-ओतूर-आळेफाट्याला जाणाऱ्याला दुसरा शहाणा मार्ग नाही. नगरला जाणाऱ्याने पावसाळा सोडून हाच धरावा. नवीन गाडी शिकलेल्याने पहिली खेप नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी, दिवसाउजेडी, शेजारी कुणीतरी बसवून. ऑटोमॅटिकवाल्यांनी उतरताना गिअर खालचा कसा लावायचा ते आधी घरी शिकून यावं.

माझी एकतिसावी फेरी येत्या शनिवारी. वायपरची पाती जूनच्या आत बदलायची आहेत, मागच्या टायरची नक्षीही झिजली आहे. तात्यांनी साठवणीच्या चाळीतला निवडक कांदा दोन गोण्या बाजूला काढून ठेवलाय, सोसायटीत चार घरांना वाटून द्यायला. पाऊस लागायच्या आत तो खाली आणायचा आहे.